शब्दांची घंगाळं

हल्ली सुखवस्तू मराठी माणसाच्या दिवाणखान्यात एक तरी तांब्याचं घंगाळ असतंच. त्यात मनीप्लँट लावलेला असतो. ज्यांच्या आज्यांनी चिंच आणि राख लावून घंगाळं घासताना जन्माची हाडं झिजवली, त्यांच्याच नाती आता तेच घंगाळ जुन्या बाजारातून चौपट भावानं आणतात आणि पाहुण्यांना म्हणतात, "अँटीक आहे!" पाहुणेही मान डोलावतात. त्यांच्याकडे पितळी बंब असतो.

माझा घंगाळाला विरोध नाही. घंगाळाबद्दल एक गोष्ट तरी छातीठोकपणे सांगता येते, की त्यात कधीकाळी कुणीतरी कढत पाणी ओतलं होतं, विसण घातलं होतं आणि "हर हर गंगे" म्हणत आंघोळ केली होती. ते वस्तू म्हणून जगलं आणि मग म्हातारं झालं. माझं भांडण आहे ते दुसऱ्याच एका जुन्या बाजाराशी. तो शब्दांचा आहे, आणि शब्दही इंग्रजी. दुर्मिळ, विस्मृत, कालबाह्य अशा इंग्रजी शब्दांची पुस्तकं निघतात, कॅलेंडरं निघतात, चहाच्या कपांवर ते छापले जातात आणि आता तर मोबाईलवरून सकाळी सकाळी घरपोच येतात. दूध आणि वर्तमानपत्र यांच्या मध्ये कुठेतरी.

मला ते पाठवतात आमचे एक स्नेही. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आहेत, म्हणून सगळी सोसायटी त्यांना 'साहेब' म्हणते. मागच्या डिसेंबरात त्यांनी एक शब्द पाठवला, 'अ‍ॅप्रिसिटी'. अर्थ, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. शब्द गोड आहे यात वाद नाही. खाली साहेबांची टीप होती : "काय ही इंग्रजांची रसिकता! आपल्याकडे आहे का असा शब्द?" हे मी वाचलं तेव्हा गॅलरीत खुर्ची टाकून कोवळ्या उन्हात बसलो होतो.

आता, मुलगी सांगून आली की आपण घराणं विचारतो. शब्द सांगून आला की का विचारू नये? म्हणून मी या अ‍ॅप्रिसिटीची कुळी काढली. तिचं माहेर एकच, हेन्री कॉकरॅम नावाच्या गृहस्थाचा कोश. साल १६२३. हे साल साहित्याच्या इतिहासात फार मोठं आहे, पण कॉकरॅममुळे नव्हे. त्याच वर्षी लंडनमध्ये शेक्सपिअरच्या ३६ नाटकांचा तो प्रसिद्ध 'फर्स्ट फोलिओ' निघाला. म्हणजे एकीकडे बाजारात, बंदरात, गुत्त्यात आणि राजवाड्यात बोलली जाणारी इंग्रजी कागदावर उतरत होती, आणि दुसरीकडे कॉकरॅम टेबलाशी बसून शब्द पाडत होता. पाडत होता हे शब्दशः घ्या. त्याच्या कोशाचे तीन भाग आहेत. पहिल्यात कठीण शब्दांचे सोपे अर्थ, हे ठीकच. तिसऱ्यात देवदेवता, राक्षस, पशुपक्षी वगैरे. खरी मजा दुसऱ्या भागात. तिथे सोप्या शब्दांचे कठीण शब्द दिले आहेत! तुमचं बोलणं लोकांना फारच समजत असेल तर हा भाग उघडावा आणि तक्रारीला जागा ठेवू नये.

एवढे कठीण शब्द आणायचे कुठून? कॉकरॅमनं आधीचे कोश धुंडाळले, लॅटिनचेही सोडले नाहीत. लॅटिन शब्दाचं धोतर फेडायचं, त्याला इंग्रजी पाटलोण चढवायची, की झाला इंग्रजी शब्द. मग तो कुणी बोलो वा न बोलो. ऑक्सफर्डचा तो महाकोश आहे ना, ज्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली, त्याच्या जेम्स मरे या संपादकांचा दंडक असा, की शब्द आला की तो कुणी, केव्हा, कोणत्या वाक्यात वापरला हे दाखवायचं. त्यासाठी जगभरच्या हौशी वाचकांनी पुस्तकं वाचून लाखो चिठ्ठ्या पाठवल्या. त्या कोशात अ‍ॅप्रिसिटीच्या बाजूनं साक्षीला उभा कोण? कॉकरॅमच. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच. कुणी इंग्रज म्हातारा उन्हात येऊन बसलाय आणि म्हातारीला म्हणतोय, "अगं, आज अ‍ॅप्रिसिटी बरी पडली आहे," असं काही घडल्याचा पुरावा नाही.

म्हणून मी या शब्दाला न वापरलेलं घंगाळ म्हणतो. ते थेट शोकेससाठीच घडवलं गेलं. आपलं कोवळं ऊन मात्र रोज वापरातलं आहे. बाळाला तेल लावून त्यात निजवतात, गाद्या-उशा त्यात टाकतात, पापड मात्र त्यात वाळत नाहीत, त्यांना कडक लागतं. एका शब्दात नसून दोन शब्दांत आहे म्हणून त्याचा मान कमी का व्हावा?

इथवर कॉकरॅमला हसून झालं. आता त्याची बाजूही घेतली पाहिजे, कारण त्याला हसणारे सगळे शहाणे असतातच असं नाही. त्याच्या आधी १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तरानं अडीचेक हजार शब्दांचा कोश काढला होता. इंग्रजीतूनच इंग्रजी समजावणारा हा पहिला छापील कोश धरतात. तो कुणासाठी, हे त्यानं मुखपृष्ठावरच सांगून टाकलं होतं, की बायकांसाठी आणि फारसं न शिकलेल्या इतरांसाठी. कॉकरॅमनं या यादीत तरुण विद्यार्थी, कारकून, व्यापारी आणि परदेशी माणसं यांची भर घातली. का बरं? लॅटिन शिकवायच्या त्या शाळांत मुलींना घेत नसत. आणि पुस्तकात, प्रवचनात, कचेरीत तर लॅटिनचा नुसता पाऊस. ज्यांना शाळेचा दरवाजा बंद त्यांनी निदान किल्ल्यांचा जुडगा विकत घ्यावा, एवढाच या कोशांचा धंदा. गिऱ्हाईक होतं ते बाहेर उभं असलेलं.

ही गिऱ्हाइकं आपल्या ओळखीची नाहीत का? आपल्या वाडवडिलांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली ती काही हौसेनं नव्हे. कारकुनाच्या जागेचा अर्ज 'आय बेग टु स्टेट'नं सुरू करून 'युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट'नं संपवावा लागे, आणि मधल्या चार ओळींत एखादा दांडगा शब्द पेरला तर साहेबाची नजर थांबेल अशी आशा असे. आमच्या आळीत एक इंग्रजीचे मास्तर होते. त्यांना पाऊस आला असं कधी म्हणताच आलं नाही, ते 'प्रेसिपिटेशन' म्हणत. पोरं पाठीमागे हसत. पण कुणाला नोकरीचा कॉल आला की त्याचा बाप पोराला घेऊन रात्री त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसे, आणि मास्तर कंदिलाच्या उजेडात अर्ज लिहून देत. फुकट. त्या शब्दांवर घरं चालली. कॉकरॅमच्या कोशाला आवृत्त्यांवर आवृत्त्या लागल्या, त्यातली एखादी प्रत अशाच एखाद्या ओट्यावर झिजली असेल.

आणि कुठला अवजड शब्द तरेल नि कुठला बुडेल, हे भल्याभल्यांना सांगता आलेलं नाही. १५५३ साली टॉमस विल्सन या विद्वानानं अशा शब्दांची टर उडवायला एक बनावट पत्र रचून छापलं. दौतीतून निघालेले शब्द म्हणून त्या काळी यांना हिणवत. त्या पत्रातला 'इन्जेंट' मेला. पण 'सेलिब्रेट'? तोही त्याच पत्रात आहे! आज तीन वर्षांच्या मुलाचा वाढदिवस त्याच्यावाचून होत नाही. बेन जॉन्सननं तर १६०१ सालच्या आपल्या 'पोएटॅस्टर' नाटकात कमालच केली. आपल्या वैऱ्याचं सोंग असलेल्या एका कवीला त्यानं भर रंगमंचावर वांतीचं औषध पाजलं आणि एकेक अवघड शब्द पातेल्यात ओकायला लावला. प्रेक्षक खूष. त्या पातेल्यात 'टर्जिडस', 'ऑब्लॅट्रंट' असले काही शब्द पडले ते पडलेच. पण त्यांच्याबरोबर 'स्ट्रेन्युअस', 'डिफंक्ट', 'रेसिप्रोकल', 'कॉन्शस' हेही बाहेर आले, आणि 'डॅम्प'सुद्धा! जॉन्सन मोठा नाटककार, त्यात शंका नाही. पण पावसाळ्यात आमच्या वरच्या मजल्याशी जो पत्रव्यवहार चालतो तो 'डॅम्प' या शब्दावाचून चाललाच नसता. टीकाकारानं ओकायला लावलेला शब्द चारशे वर्षांनी आमच्या भिंतीवर आहे.

साहेबांचा दुसरा लाडका शब्द 'अल्ट्राक्रेपिडेरियन'. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यावर मत देणारा माणूस. सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर त्यांनी तो पाठवला होता, आणि रोख कुणाकडे होता हे सगळ्यांना समजलं, फक्त शब्द समजला नाही. यामागची गोष्ट प्लिनी या रोमन लेखकानं सांगितलेली आहे. अपेलीस नावाचा ग्रीक चित्रकार आपलं चित्र रस्त्यावर ठेवून मागे लपून लोकांचं बोलणं ऐके. एका चांभारानं चपलेच्या चित्रातली चूक दाखवली, ती त्यानं मुकाट दुरुस्त केली. चांभाराला चेव आला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं पायाच्या पोटरीवर मत दिलं. तेव्हा अपेलीस बाहेर आला आणि म्हणाला, बाबा रे, चपलेच्या वर जाऊ नकोस. लॅटिनमधल्या या 'चपलेच्या पलीकडे' वरून तो शब्द घडला.

कोशात एवढंच असतं. पण शब्दाचा अर्थ एक आणि त्याचा वापर दुसरा. तो छापून मिरवला विल्यम हॅझलिट या निबंधकारानं, १८१९ साली, विल्यम गिफर्ड या संपादकाला उद्देशून लिहिलेल्या जाहीर पत्रात. गिफर्डची 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मधली परीक्षणं जहरी असत, तेव्हा त्याला कुणी झोडपलं तर माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही. पण गिफर्ड कोण होता? आईबाप लवकर गेलेला, लहानपणी चांभाराच्या हाताखाली उमेदवारी केलेला मुलगा. आता वाचा तो शब्द पुन्हा. तुला चित्रातलं कळत नाही एवढंच तो म्हणत नाही. तू चपला शिवणारा, तू चपलेपाशीच राहा, असं म्हणतो. लंडनमधल्या वाचकांना ही खोच न सांगता समजली असणार. आपल्याकडे तर ती कुणालाच समजावून सांगायला नको. हॅझलिट हा माझा आवडता लेखक, गरिबांची बाजू घेऊन भांडणारा, आणि म्हणूनच हा शब्द त्याच्या लेखणीतून यावा याचं मला वाईट वाटतं. बिचाऱ्या त्या ग्रीक चांभाराची पहिली चूक-दुरुस्ती बरोबर होती, हे तर सगळे विसरतातच. चपलेबाबत अपेलीसच अल्ट्राक्रेपिडेरियन होता!

हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, चहाच्या कपावर एवढं कुठं मावतं?" ते खरंच आहे.

मला गंमत वाटते ती ही, की जे खरोखर जुने आणि वापरून झिजलेले शब्द आहेत त्यांच्याकडे या मंडळींचं लक्षच जात नाही, कारण ते रोज समोर असतात. आपण 'बाजारहाट' म्हणतो. यातल्या बाजाराला आपण जातो. हाटाला शहरातलं कोण जातं? पण जोडीदाराच्या बोटाला धरून हाट अजून घरात टिकून आहे. इंग्रजीत 'किथ अँड किन' मधला किथ असाच. किन म्हणजे नातलग. किथ म्हणजे एकेकाळी आपला मुलूख, आपल्या ओळखीपाळखीची माणसं. एकटा किथ आता कुठे दिसत नाही, किन घेऊन येईल तेव्हाच येतो. 'ह्यू अँड क्राय' मधला ह्यू म्हणजे नुसती आरोळी. १२८५ च्या इंग्लंडच्या कायद्यानं चोर पाहिला की आरोळी ठोकणं आणि ती ऐकणाऱ्या सगळ्यांनी चोरामागे धावणं बंधनकारक होतं. चोर निसटला तर नुकसानभरपाईचा बोजा त्या टापूतल्या लोकांवर. आज ती धाव गेली, ह्यू तेवढा वर्तमानपत्रात उरला. 'रूथलेस' माणसं पैशाला पासरी भेटतात, पण 'रूथ' म्हणजे दया, तिची आणि आपली गाठ पडत नाही. आपल्याकडे तरी काय, बेफाम माणसं हवी तितकी आहेत. 'फाम' असलेला एक दाखवा.

यांतला बहाद्दर शब्द म्हणजे 'लेट'. आज त्याचा अर्थ होऊ देणं, सोडणं. जुन्या इंग्रजीत याच उच्चाराच्या जवळचं दुसरं एक क्रियापद होतं, आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा, अडवणं. ते मेलं म्हणतात. मग तुमचा पासपोर्ट उघडा. राष्ट्रपतींच्या नावानं त्यात जी विनंती छापली आहे, की या माणसाला विनाअडथळा जाऊ द्यावं, त्यात अडथळ्यासाठी 'हिंड्रन्स'च्या शेजारी हाच म्हातारा 'लेट' बसलेला आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस करताना चेंडू जाळीला चाटून गेला की पंच 'लेट' ओरडतो, तोही बहुधा हाच. म्हणजे विम्बल्डनच्या हिरवळीवर आणि आपल्या टेबलाच्या खणात एक कालबाह्य शब्द नेकीनं नोकरी करतो आहे. त्याला कुणी कपावर छापत नाही.

तसंच फ्लॅटचा करारनामा. बिल्डरच्या ऑफिसात पंख्याखाली बसून आपण ज्या कागदांवर सह्या करतो त्यात एक शब्द ठळक अक्षरांत असतो, 'विटनेसेथ'. क्रियापदाच्या शेपटीला हे 'एथ' लावणं बोलभाषेत केव्हाच बंद पडलं. पण सदाशिव पेठेतला किंवा मुलुंडचा माणूस टू-रूम-किचनसाठी जन्माची कमाई ओततो तेव्हा साक्षीला हाच पुराणपुरुष येतो. आपल्या 'कारणे करारनामा लिहून देतो ऐसाजे' चा हा सख्खा चुलतभाऊ. मोडी गेली, पण दस्ताची भाषा गेली नाही. पैशांचा मामला असला की माणसाला जुन्या शब्दांचा आधार लागतो.

आणि 'प्रीपोन'! हा शब्द वापरला की शुद्ध इंग्रजीचे सोवळे लोक आपल्याला हसतात. मीटिंग अलीकडे घेतली हे दोन अक्षरी क्रियापदात सांगायची सोय इंग्रजांनी केली नव्हती, ती भारतीयांनी केली. ऑक्सफर्डचा कोश तर १५४९ सालचं एक इंग्रजी उदाहरण दाखवतो. तिथे अर्थ वेगळा आहे, पुढे ठेवणं असा. तेव्हा आपण तो शब्द जुन्या बाजारातून उचललेला नाही. आपण तो नव्यानं घडवला, रोज वापरला, आणि घडवल्यावर कळलं की तसंच एक भांडं चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी तिकडे वापरून टाकलं होतं.

कोशावर आंधळा विश्वास टाकणाऱ्यांसाठी अमेरिकेतला 'डॉर्ड' सांगून ठेवतो. रसायनशास्त्रात घनतेसाठी मोठा किंवा लहान 'डी' लिहितात, अशी चिठ्ठी १९३१ साली वेबस्टरच्या कचेरीत आली. 'डी ऑर डी' मधली अक्षरं चिकटून वाचली गेली आणि १९३४ च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' म्हणजे घनता असा शब्द रीतसर छापून आला. त्याची व्युत्पत्ती दिलेली नाही हे १९३९ साली एका संपादकाच्या लक्षात आलं, तोवर तो सुखात नांदत होता. स्कीट या इंग्रज पंडितानं अशा शब्दांना १८८६ सालीच 'भुताचे शब्द' असं नाव ठेवलं होतं. डॉर्डला निदान घर मिळालं होतं. भुतांना तेवढंच हवं असतं.

सगळेच हरवलेले शब्द पोकळ होते असं मात्र मी म्हणणार नाही. एका शब्दाबद्दल मला इंग्रजांची खरोखर कीव येते. तो म्हणजे 'ओव्हरमॉरो'. उद्याच्या पलीकडचा दिवस, आपला परवा. १५३५ सालच्या कव्हरडेलच्या बायबलात तो आहे. जर्मन भाषेनं आपलं हे भावंड अजून वापरात ठेवलंय. इंग्रजांनी मात्र ते टाकलं आणि तेव्हापासून ते 'द डे आफ्टर टुमॉरो' अशी चार डब्यांची गाडी ओढताहेत. आपला परवा तर मागेही जातो, पुढेही जातो. 'परवा आला होता' आणि 'परवा येईन', क्रियापदावर सोडून द्यायचं. शिवाय पलीकडे तेरवा आहेच.

मी साहेबांना म्हटलं, "हा शब्द सकाळी पाठवून काय होणार? मनापासून हवा असेल तर वापरा." त्यांना ते पटलं. त्याच आठवड्यात टाकीचा पाइप फुटला आणि त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजीत निरोप टाकला, की प्लंबर ओव्हरमॉरो येतोय. सेक्रेटरींनी लगेच विचारलं, "नवीन प्लंबर का? रेट काय याचा?" तळमजल्यावरच्या काकूंना वाटलं ख्रिश्चन दिसतोय, रविवारी येणार नाही. दोन दिवस पाण्याविना गेले. ओव्हरमॉरो उजाडला, मावळला, आणि प्लंबर काही आला नाही. फोन केला तर म्हणाला, "साहेब, परवा नक्की."

आता साहेब तेरवासाठी इंग्रजी शब्द शोधताहेत.